चांद्रयानाचा हिशेब गुंठ्यात

चांद्रयान-३चा खर्च ६१५ कोटी रुपये. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, त्याला सुमारे ५५ हजार कोटी लागले; म्हणजे किलोमीटरमागे अठ्ठ्याहत्तर कोटींच्या आसपास. सिन्नरहून इगतपुरीकडे निघालं की चार-पाच मिनिटांत जेवढी समृद्धी मागे पडते, तेवढ्या पैशात विक्रम लँडर २३ ऑगस्ट २०२३च्या संध्याकाळी चंद्रावर उतरला.

हा हिशेब बरोबर आहे आणि जवळजवळ निरुपयोगी आहे. रस्त्यावरून रोज ट्रक जातात, चंद्रावर कोणी जात नाही. दोन्हींचे रुपये सारखे असले तरी त्यांतून मिळणाऱ्या गोष्टी एका तराजूत बसत नाहीत.

दुसरा लाडका हिशेब माणशी खर्चाचा. २०२५-२६च्या केंद्रीय अर्थसंकल्पात अंतराळ विभागाला १३,४१६ कोटींची तरतूद होती. १४० कोटी लोकांत वाटली तर माणशी ९६ रुपये, साधारण नाशिकची एक प्लेट मिसळ. केंद्राचा एकूण खर्च ५० लाख ६५ हजार कोटी, म्हणजे शंभर रुपयांतले २६ पैसे अंतराळाला. ऐकायला छान वाटतं. पण १४० कोटींनी भागलं की मोठ्यातला मोठा घोटाळासुद्धा मिसळीच्या भावात बसतो, त्यामुळे हा युक्तिवाद कोणी केला की सावध व्हावं.

तिसरा हिशेब विरोधकांचा: एवढ्या पैशात गोदावरी साफ झाली असती. नसती झाली. हा पैसा केंद्राच्या तिजोरीतला, आणि नाल्यांतून गोदापात्रात येणारं सांडपाणी अडवायचं काम महापालिकेचं. चांद्रयान रद्द झालं म्हणून ते ६१५ कोटी पंचवटीत येत नाहीत. वाद जुनाच आहे. जुलै १९६९मध्ये अपोलो-११च्या उड्डाणाच्या तोंडावर अमेरिकेतल्या नागरी हक्क चळवळीचे नेते राल्फ अॅबरनॅथी खेचरांच्या गाड्या आणि गरीब कुटुंबं घेऊन केप केनेडीच्या उड्डाणतळावर जाऊन उभे राहिले होते. नासाचे प्रमुख थॉमस पेन बाहेर येऊन त्यांना भेटले. उड्डाणाचं बटण न दाबल्याने गरिबी हटणार असेल तर आपण ते दाबणार नाही, असं पेन यांचं म्हणणं होतं. अॅबरनॅथींच्या प्रश्नाला मात्र वजन होतं, कारण १९६६मध्ये अमेरिकी सरकारच्या दर शंभर डॉलरमधले चारहून जास्त एकट्या नासाकडे जात होते. आपण २६ पैशांवर भांडतोय.

मग किंमत मोजायची कशात? माझ्या मते रांगेत. २०२४ या अख्ख्या वर्षात श्रीहरिकोट्याहून उपग्रह कक्षेत नेणारी पाच उड्डाणं झाली. मोठी लाँचपॅड दोनच. तिसरं जानेवारी २०२५मध्ये मंजूर झालं, ३,९८५ कोटींचं. इंजिनं जिथे पेटवून बघतात ते महेंद्रगिरीचे चाचणी-तळ मोजकेच, आणि क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड द्रव इंधनावर चालणाऱ्या, टप्प्याची नस ओळखणारी माणसं त्याहून मोजकी. रुपये पुरवणी मागण्यांतून आणता येतात, ही माणसं आणता येत नाहीत. म्हणून एखादी मोहीम महाग की स्वस्त हे तिच्यामुळे रांगेत मागे कोण ढकललं गेलं यावरून ठरवावं.

रांगेत कोण आहे ते आपल्याच नाशिक जिल्ह्यातल्या शेतावरून बघू.

एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. वीस गुंठ्यांचं कांद्याचं वावर चौकोनी धरलं तर एक बाजू ४५ मीटर. आपल्या रिसोर्ससॅट उपग्रहांवरच्या लिस-३ कॅमेऱ्याचा एक चित्रबिंदू, म्हणजे पिक्सेल, २३.५ मीटरचा, क्षेत्रफळ ५५२ चौरस मीटर, साडेपाच गुंठे. वीस गुंठ्यांत असे पावणेचारही बसत नाहीत. शिवाय बिंदूंची जाळी तुमच्या बांधाला विचारून आखलेली नसते, त्यामुळे एक तरी बिंदू पूर्ण वावराच्या आत पडेल याची खात्री नाही. बहुतेक बिंदू निम्मा कांदा, निम्मा शेजाऱ्याचा मका किंवा पाणंद असे भेसळीचे निघतात. त्याच उपग्रहावरचा अॅविफ्स कॅमेरा पाच दिवसांनी पुन्हा त्याच जागी येतो, लिस-३ला २४ दिवस लागतात. पण अॅविफ्सचा बिंदू ५६ मीटरचा, एकतीस गुंठ्यांचा. अख्खं वावर एका ठिपक्यात, तेही बांधाबाहेरचं घेऊन. लिस-४ हा ५.८ मीटरचा, त्यात वीस गुंठ्यांत साठ बिंदू येतात, पण तो एका वेळी अरुंद पट्टा बघतो. युरोपच्या सेंटिनेल-२चा बिंदू १० मीटरचा, म्हणजे जवळजवळ बरोब्बर एक गुंठा. नाशिकच्या शेतकऱ्याला समजावून सांगायला याहून सोपं माप नाही.

आता यात ढग घाला. उन्हाळ कांद्याची लागवड डिसेंबर-जानेवारीत, आकाश स्वच्छ, काम सोपं. खरिपाच्या कांद्याची लागवड जुलै-ऑगस्टमध्ये, आणि तेव्हा येवला-चांदवडवर आठवडेच्या आठवडे ढग. साधा कॅमेरा ढगाच्या वरची पांढरी बाजू टिपतो आणि पुढे जातो. नेमक्या याच हंगामात क्षेत्राचा अंदाज चुकला की लासलगावचा भाव, दिल्लीतली ओरड आणि निर्यातीचे निर्णय सगळंच विस्कटतं. ढगातून बघायचं तर रडार लागतं. रडार पिकाचा रंग बघत नाही. ओल, खडबडीतपणा आणि पानांची ठेवण यांवरून परत येणारा लहरींचा प्रतिसाद मोजतं. कांद्याची कोवळी पात जमीन झाकतच नाही, म्हणून सुरुवातीचे काही आठवडे रडारला कांदा कमी आणि ओली जमीन जास्त दिसते. एका चित्रावरून पीक ओळखता येत नाही. दर दहा-बारा दिवसांच्या चित्रांची मालिका लावली आणि प्रतिसाद कसा चढत गेला ते पाहिलं, तरच मका, सोयाबीन आणि कांदा वेगळे काढता येतात. मालिकेतली दोन चित्रं हुकली की अंदाज घसरलाच. आणि प्रत्यक्ष शिवारात जाऊन केलेली पडताळणी नसेल तर उत्तम रडारही उपयोगाचं नाही. चाळीत साठवलेल्या कांद्यातला किती सडला, हे तर कुठल्याच उपग्रहाला दिसत नाही. उपग्रह क्षेत्र सांगतो, माल सांगत नाही. अंतराळाच्या फायद्यांची भाषणं ऐकताना ही मर्यादा कानाआड करू नये.

असं रडार घेऊन निघालेला ईओएस-०९ हा उपग्रह १८ मे २०२५ला गेला. पीएसएलव्ही-सी६१ या रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्यातल्या घनइंधन मोटरचा आतला दाब घसरला आणि उपग्रह कक्षेत पोहोचलाच नाही. त्याच्याआधीचा ईओएस-०४ फेब्रुवारी २०२२मध्ये गेलेला आहे. वर्तमानपत्रांत हे दोन दिवस चाललं, चांद्रयान-२चं अपयश दोन वर्षं चाललं. कांदेवाल्याच्या दृष्टीने नुकसान कुठलं मोठं, हे सांगायला नको.

यावरून कोणी म्हणेल की मग चंद्र-मंगळ बंद करा आणि रडारच रडार पाठवा. इथे मात्र मी वेगळ्या बाजूला आहे, आणि कारण एका सीलमध्ये आहे.

१२ ऑगस्ट २०२१. जीएसएलव्ही-एफ१० या रॉकेटने ईओएस-०३ उपग्रह घेऊन उड्डाण केलं. हा उपग्रह भूस्थिर कक्षेतून देशावर सतत नजर ठेवणार होता. पहिला टप्पा ठीक, दुसरा ठीक, तिसरा क्रायोजेनिक टप्पा पेटायच्या वेळी द्रव हायड्रोजनच्या टाकीतला दाब हवा तेवढा नव्हता. टाकीच्या आत बसवलेला बूस्टर टर्बोपंप त्यामुळे नीट चालला नाही, इंजिनाला इंधन पुरलं नाही, रॉकेट गेलं. तपास समितीचा निष्कर्ष इस्रोने जाहीर केला: टाकीवरच्या व्हेंट-अँड-रिलीफ व्हॉल्व्हमधलं मऊ सील बहुधा खराब झालं होतं आणि तिथून गळती झाली. कारण म्हणून दोन शक्यता दिल्या: व्हॉल्व्हमध्ये शिरलेला कचरा, किंवा व्हॉल्व्ह बसवताना आलेला ताण, जो अतिथंड तापमानाला वाढतो. द्रव हायड्रोजन उणे २५३ अंशांवर असतो. सातपूर-अंबडमध्ये व्हॉल्व्हवर काम केलेल्या कुठल्याही फिटरला हे पटकन कळेल: खोलीच्या तापमानाला टिच्चून बसणारं सील गारठ्यात आकसतं, कडक होतं, आणि फ्लँज जराशी तिरकी आवळली असेल तर एका बाजूने सोडून देतं. चाचणी हेलियमने केली, पण खोलीच्याच तापमानाला केली, तर गळती दिसत नाही.

दुरुस्ती झाली, टप्प्यात बदल केले, आणि त्यानंतर त्याच जातीच्या रॉकेटने मे २०२३मध्ये स्थाननिश्चितीचा एनव्हीएस-०१, फेब्रुवारी २०२४मध्ये हवामानाचा इन्सॅट-३डीएस आणि ३० जुलै २०२५ला निसार नेला. निसार म्हणजे नासा आणि इस्रोचा रडार उपग्रह, एकूण खर्च दीड अब्ज डॉलरच्या घरात, त्यात आपला वाटा ७८८ कोटी. एल आणि एस अशा लहरींच्या दोन पट्ट्यांची रडारं, १२ मीटर व्यासाची जाळीदार अँटेना, जवळजवळ सगळी जमीन १२ दिवसांत दोनदा बघायची क्षमता. खरिपाच्या ढगांवरचं हेच औषध. त्याच्या जमिनीतल्या ओलीच्या नकाशाचा चौकोन मात्र २०० मीटरचा, म्हणजे सुमारे दहा एकरांचा. दोन एकर द्राक्षबागेला पाणी कधी सोडायचं ते निसार सांगणार नाही. पिंपळगावच्या पट्ट्यात ओल कशी आहे ते सांगेल.

आता हे क्रायोजेनिक इंजिन आलं कुठून? १९९३मध्ये अमेरिकेच्या दबावाखाली रशियाने तंत्रज्ञान द्यायचं थांबवलं. स्वतःचं इंजिन लावलेलं पहिलं उड्डाण एप्रिल २०१०मध्ये फसलं, यश आलं ५ जानेवारी २०१४ला. वीस वर्षं. या वीस वर्षांत दर वर्षी कोणीतरी विचारू शकत होतं की हवामानाचे उपग्रह युरोपच्या रॉकेटने पाठवता येतात, मग हा अट्टाहास कशाला. महत्त्वाकांक्षी मोहिमांचा खरा उपयोग मला इथे दिसतो. चंद्रावर उतरण्यासाठी थ्रस्ट कमी-जास्त होणारं इंजिन लागतं, स्वतः निर्णय घेणारं सॉफ्टवेअर लागतं, वेग अचूक मोजणारा सेन्सर लागतो. रोजच्या उपग्रहांच्या मागणीतून या गोष्टी कधीच तयार झाल्या नसत्या, कारण रोजच्या कामाला कालचं तंत्र पुरतं.

चांद्रयान-२ आणि ३ यांतला फरक मुद्दाम बघण्यासारखा आहे. सप्टेंबर २०१९मध्ये लँडरच्या पाच इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त जोर लावला. चूक साठत गेली, यान ती दुरुस्त करायला वळू लागलं, पण वळण्याच्या वेगावर सॉफ्टवेअरची मर्यादा होती. उतरायची जागा फक्त ५०० बाय ५०० मीटरची, तिथेच पोहोचायच्या नादात वेग वाढत गेला. चांद्रयान-३मध्ये इंजिनं चार केली, जागा ४ बाय २.४ किलोमीटरची केली, पाय मजबूत करून उतरताना सेकंदाला २ऐवजी ३ मीटरचा वेग सोसेल असं केलं, इंधन वाढवलं, लेझरने वेग मोजणारं उपकरण नव्याने बसवलं. काय काय बिघडू शकतं याची यादी करून प्रत्येक बिघाडात यान तगेल असं बघितलं. तोफखान्यात नेम धरायचा आणि बैलगाडी चिखलातून काढायची, यांतल्या दुसऱ्या अकलेची ही दुरुस्ती होती.

पण मग ६१५ कोटी हा आकडाही अर्धवटच. चांद्रयान-३ने स्वतःचा ऑर्बिटर, म्हणजे चंद्राभोवती फिरत राहणारा भाग, नेलाच नाही. उतरायच्या जागेचे बारीक फोटो आणि संदेशवहनाची पर्यायी सोय चांद्रयान-२च्या ऑर्बिटरकडून घेतली. चांद्रयान-२चे ९७८ कोटी मिळवले तर चंद्रावर उतरण्याची किंमत १,५९३ कोटी होते. तरीही स्वस्तच, पण निदान हिशेब प्रामाणिक.

स्वस्ताईचं कौतुक मंगळयानाच्या बाबतीत फार झालं. ४५० कोटी, आणि त्याच महिन्यात निघालेल्या अमेरिकेच्या मेव्हन या मंगळावरच्याच यानाला ६७ कोटी डॉलर. स्वस्त कसं झालं? पीएसएलव्हीसारखं लहान रॉकेट वापरलं, जे यानाला थेट मंगळाकडे फेकू शकत नव्हतं. म्हणून पृथ्वीभोवती फेऱ्या मारत कक्षा वाढवत नेली. उपकरणं पाचच, मिळून १५ किलो. मेव्हनवर ६५ किलो. मंगळाभोवतीची कक्षा लांबुळकी, जवळचं टोक सव्वाचारशे किलोमीटरवर, दूरचं ७७ हजारांवर, कारण गोल कक्षेला लागणारं इंधन नव्हतं. आणि ज्या मिथेन सेन्सरचा सर्वांत जास्त गवगवा झाला, तो रचनेतल्या त्रुटीमुळे मिथेन वेगळा काढू शकला नाही. सहा महिन्यांसाठी पाठवलेलं यान आठ वर्षं टिकलं, हे अभियंत्यांचं यश निर्विवाद. विज्ञानाच्या बाजूने हात तोकडाच राहिला. स्वस्त मोहीम म्हणजे कमी प्रश्न विचारणारी मोहीम, हे कबूल करून कौतुक करावं.

उद्योगांना फायदा होतो या मुद्द्यावर थोडक्यात. इस्रोच्या रॉकेटांची विकास इंजिनं विक्रोळीत गोदरेजकडे बनतात, घनइंधन मोटरची कवचं वालचंदनगरला. अंबडमधल्या सीएनसीवाल्याने मात्र आकडे बघून उडी घ्यावी. २०२२मध्ये एचएएल आणि एल अँड टी यांना पाच पीएसएलव्ही बांधायचं कंत्राट मिळालं, ८६० कोटींचं. पाच रॉकेटं म्हणजे एकेका सुट्या भागाचे नग दहा-वीस, वाहनउद्योगासारखे हजारो नाहीत. प्रत्येक नगाला धातूच्या हीट नंबरचा दाखला, डाय पेनेट्रंट, क्ष-किरण किंवा अल्ट्रासॉनिक तपासणी, मापांचा संपूर्ण अहवाल. कागद तयार करायला भाग कापण्याइतकाच वेळ जातो. एक नग नापास झाला की सगळा लॉट अडकतो. या कामातून शिस्त मिळते, आणि ती शिस्त विमानांच्या कामात विकली जाते. ओझरला सुखोई आणि आता तेजसची जुळणी असल्यामुळे नाशिकला त्याचा अर्थ आहे. पण चांद्रयानामुळे एमआयडीसी भरभराटीला येईल असं कोणी सांगत असेल तर ते भाषण समजावं. टेफ्लॉन आणि वेल्क्रो नासाने शोधले हीही तशीच लोणकढी. दोन्ही नासाच्या जन्माआधीचे आहेत.

आता गगनयान. २०१८मध्ये ९,०२३ कोटी मंजूर झाले, सप्टेंबर २०२४मध्ये आकडा २०,१९३ कोटींवर गेला. त्यात भारतीय अंतराळ स्थानकाचा पहिला भागही धरलेला आहे. त्याच दिवशी चांद्रयान-४ला २,१०४ कोटी आणि शुक्राच्या मोहिमेला १,२३६ कोटी मंजूर झाले. दोन्हींची बेरीज ३,३४० कोटी, गगनयान त्याच्या सहापट. माणूस वर न्यायचा म्हटलं की प्रत्येक यंत्रणा दुहेरी-तिहेरी, प्राणवायू, ओलावा आणि तापमानाचं नियंत्रण, पॅराशूट, सुटकेची मोटर, समुद्रातून कुपी उचलायची तयारी, सगळं वाढतं. आणि माणूस तिथे जे मोजेल त्यातलं बरंचसं यंत्र मोजू शकतं. मी गगनयान बंद करा म्हणणार नाही, पण घाई नको म्हणेन. कारण तेच एलव्हीएम-३ रॉकेट, तेच चाचणी-तळ आणि तीच माणसं.

आणि रांगेत मागे नाविक उभी आहे. स्वदेशी स्थाननिश्चितीच्या या व्यवस्थेला सात उपग्रह हवेत. पहिल्या पिढीची आयात अणुघड्याळं बंद पडत गेली, २०१७मध्ये बदली उपग्रह रॉकेटच्या उष्णतारोधक कवचातच अडकून गेला, आणि जानेवारी २०२५मध्ये गेलेला एनव्हीएस-०२ ऑक्सिडायझरचे व्हॉल्व्ह न उघडल्याने हव्या त्या कक्षेत पोहोचलाच नाही. २०२५च्या मध्यात पूर्ण सेवा देणारे उपग्रह चारच उरले होते. जागा ठरवायला किमान चार लागतात, म्हणजे एक बिघडला की संपलं.

हवामानाच्या बाबतीत व्यवस्था बरी दिसते, आणि त्यातून शिकण्यासारखं आहे. इन्सॅट-३डीएसचा सगळा खर्च पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने उचलला. ज्याला उपग्रह हवा त्यानेच पैसे दिले की तो रांगेत हरवत नाही. जून २०२०मध्ये निसर्ग वादळ अलिबागजवळ धडकून नाशिकवरून पुढे गेलं तेव्हा त्याची वाट आधीपासून सगळ्यांना दिसत होती. रडार उपग्रहांसाठी कृषी मंत्रालयाने असाच खिसा उघडावा, एवढी मागणी खासदारांकडे करायला हरकत नाही.

कोणाला हे स्वतः ताडून बघायचं असेल तर युरोपचा कोपर्निकस ब्राउझर फुकट आहे, नाव नोंदवलं की चालू. सेंटिनेल-२ निवडा, आपलं गाव शोधा, जानेवारीतली तारीख टाका, ढगांची मर्यादा दहा टक्क्यांवर आणा आणि पिकाचा हिरवेपणा दाखवणारा एनडीव्हीआय हा थर लावा. आठव्या आणि चौथ्या पट्ट्यांतला फरक भागिले बेरीज, एवढंच ते गणित. वावराची हद्द आखताना चारही बाजूंनी दहा मीटर आत घ्या, नाहीतर बांधावरची बाभूळ कांद्यात मोजली जाईल. वीस गुंठ्यांतून मग सहाच स्वच्छ बिंदू उरतात. सहा पुरतात. त्यानंतर तारीख बदलून ऑगस्टची करा. पडदा पांढरा. ढगांची मर्यादा शंभर टक्क्यांवर नेली तरी पांढराच. मग सेंटिनेल-१चं रडार निवडा: दाणेदार, राखाडी, रेघांरेघांचं चित्र येईल, त्यात पाणी भरलेलं शेततळं काळंकुळीत दिसेल आणि शेजारचं वावर जरा उजळ. तारीख बारा-बारा दिवसांनी पुढे सरकवत त्या वावराचा रंग बदलतो का बघत राहायचं.